हाडातली फट आणि विरघळणारी परांची

मागच्या अंकात स्टेम सेल (ज्यांतून हाड, रक्त अशा वेगवेगळ्या पेशी घडतात त्या मूळ पेशी) आणि थ्री-डी प्रिंटरवर छापलेले स्कॅफोल्ड वापरून हाड वाढवण्याविषयी एक टिपण आलं होतं. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांचे दोन ढीग पडले. एकात घरात कोणाचं तरी हाड जुळत नाहीये असे वाचक, दुसऱ्यात प्रयोग करता करता अडलेले विद्यार्थी. दोन्हींतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. स्कॅफोल्ड हा शब्द बऱ्याच जणांना अडला. बांधकामावर गवंडी जिला परांची म्हणतात तीच ही. फरक एवढाच की इमारतीची परांची माणसं उतरवतात, हाडातली परांची नवं हाड तयार होईल तशी आपोआप विरून जायला हवी.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी घोडबंदर रोडवर दुचाकी घसरून डाव्या नडगीचं हाड मोडलं. तीन ऑपरेशनं झाली, मधलं मेलेलं हाड काढून टाकावं लागलं. आता साडेचार सेंटिमीटरची फट आहे. एका ठिकाणी ‘स्टेम सेल घालून छापलेलं हाड बसवू’ म्हणाले आणि भलामोठा आकडा सांगितला. करावं का?
— वाचक, कासारवडवली

उत्तर : पैसे भरू नका, आधी पुढचं वाचा. लांब हाडात दोन सेंटिमीटरच्या पुढची फट शरीर सहसा स्वतःहून भरत नाही, त्यामुळे काहीतरी करावं लागणार हे खरं. पण अशी फट भरण्याचे पारखलेले मार्ग आहेत आणि पेशी लावलेला छापील तुकडा त्यांत बसत नाही. नडगीसाठी तो अजून प्रयोगच आहे.

पहिला मार्ग इलिझारोव्ह पद्धतीचा, पायाभोवती रिंगा लावून. हाड वरच्या बाजूला कापतात आणि तो कापलेला भाग हळूहळू फटीकडे सरकवतात. रोज एक मिलिमीटर, तोही एका दमात नाही, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. मागे सुटलेल्या जागेत नवं हाड धरत जातं. साडेचार सेंटिमीटरला नुसतं सरकवायलाच ४५ दिवस लागतात. नवं हाड कडक होईपर्यंत रिंगा पायावरच राहतात. सेंटिमीटरमागे दीड महिना धरला तर साडेसहा-सात महिने होतात. रिंगा हाडाला धरून ठेवणाऱ्या पिनांच्या तोंडाशी पू होणं ही यातली रोजची कटकट.

दुसरा मार्ग फ्रेंच सर्जन मास्केले यांचा, दोन टप्प्यांचा. आधी फटीत हाडाच्या सिमेंटचा गोळा भरतात. सहा ते आठ आठवड्यांत शरीर त्याभोवती एक पापुद्रा विणतं, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला. मग तो पापुद्रा जपून चिरायचा, गोळा काढायचा आणि त्या पिशवीत कमरेच्या हाडाचा चुरा भरून ती शिवून टाकायची. कमरेचं हाड पुरलं नाही तर हाडपेढीचं हाड मिसळतात. परळला टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८पासून आहे. तिथलं हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं असतं. त्यात जिवंत पेशी नसतात, तरी परांचीचं काम ते चोख करतं.

आता तुम्हाला सांगितलेले ‘स्टेम सेल’. नक्की काय घालणार, हे लेखी मागा. पुष्कळदा ती कमरेच्या हाडातून ओढलेली मज्जा असते, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून दाट केलेली. ही पद्धत थोतांड नाही. फ्रान्समध्ये एर्निगू यांच्या गटाने २००५ मध्ये न जुळलेल्या नडगीच्या ६० रुग्णांचे निकाल छापले. दाट केलेली मज्जा सुईने सोडल्यावर ५३ जणांचं हाड जुळलं. जे सात राहिले त्यांच्या मज्जेत हाड घडवणाऱ्या पूर्वज पेशी कमी निघाल्या होत्या. म्हणजे मोजणी महत्त्वाची. पण ती हाडं न जुळलेली होती, त्यांच्या मधून बोटभर तुकडा गेलेला नव्हता. शिवाय मज्जा ओढण्यातही कसब आहे. एकाच जागेतून दोन मिलिलिटरपेक्षा जास्त ओढलं की सिरिंजमध्ये मज्जा कमी आणि रक्तच जास्त येतं. सुई थोडी-थोडी सरकवत, दर वेळी जरा जरा घ्यावं लागतं.

पेशी प्रयोगशाळेत वाढवून सच्छिद्र सिरॅमिकवर बसवायच्या आणि तो ठोकळा फटीत ठेवायचा, हेही माणसांत करून झालं आहे. २००१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा रुग्णांची हकीकत आली. फटी चार ते सात सेंटिमीटरच्या होत्या आणि हाड सांधलं. पण रुग्ण तीन! आणि ते सिरॅमिक विरघळणारं नव्हतं, परांची इमारतीतच राहून गेली. तीन रुग्णांच्या जोरावर कोणी तुमच्याकडून लाखाच्या भाषेत पैसे मागत असेल, तर तो उपचार विकत नाहीये, आशा विकतोय.

नियम काय सांगतो तेही पाहा. भारतात स्टेम सेलपासून केलेलं उत्पादन २०१९च्या नियमांनुसार नवीन औषध धरलं जातं. सीडीएससीओची, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांची, परवानगी नसेल तर ते फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच वापरता येतं. ट्रायल असेल तर तिचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या नोंदवहीतला, क्रमांक असतो, एथिक्स कमिटीची मंजुरी असते, संमतिपत्र मराठीत मिळतं आणि प्रयोगाच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. या चारपैकी एक जरी गोष्ट समोर येत नसेल तर उठून या.

कोणत्याही मार्गाने जा, त्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या. जखमेत आतवर संसर्ग आहे का? त्यासाठी सीआरपी, ईएसआर या रक्ततपासण्या आणि ऑपरेशनच्या वेळी आतून घेतलेल्या तुकड्यांचं कल्चर (त्यांतले जंतू वाढवून पाहणं) करतात. कल्चरआधी शक्य असेल तर दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात, अर्थात सर्जनच्या सल्ल्याने. रॉड किंवा प्लेट हलत नाही ना? हलत्या जागी कुठलंच हाड धरत नाही. आणि वडील तंबाखू, मशेरी, विडी यांपैकी काही घेतात का? घेत असतील तर साखर आणि ड जीवनसत्त्वाच्या तपासणीइतकंच हेही डॉक्टरांना सांगा. पुष्कळ जण मशेरीला व्यसनात मोजतच नाहीत आणि निकोटीन मात्र हाडाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळत राहतं.

प्रश्न : मला सातवा महिना आहे. नाळेचं रक्त साठवून ठेवलं तर पुढे बाळाचं हाड मोडल्यास त्यातून हाड वाढवता येईल, असं एका प्रतिनिधीने सांगितलं. नाळेचा तुकडा आणि पुढे दुधाचे दातही साठवता येतात म्हणे.
— वाचक, खारघर

उत्तर : नाळेच्या रक्तात प्रामुख्याने रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल असतात. त्यांचा सिद्ध उपयोग रक्ताच्या आजारांत आहे. तुमच्या खारघरमध्येच टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात बोन मॅरो प्रत्यारोपण होतं, ते याच जातीच्या पेशींचं. नाव बोन मॅरोचं असलं तरी तिथे हाड वाढवत नाहीत, रक्ताचा कारखाना बदलतात. हाड बनवणाऱ्या पेशी वेगळ्या, त्या मोठेपणीही कमरेच्या हाडातून मिळतात, आणि बाळाचं साधं मोडलेलं हाड तर प्लास्टरमध्येच जुळतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फक्त नाळेच्या रक्ताची साठवण चालते. नाळेचा तुकडा किंवा दाताचा गर साठवायला परवानगी नाही. दुधाचे दात उंदरालाच द्या.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या साध्या फिलामेंट प्रिंटरवर (प्लॅस्टिकची तार वितळवून छापणाऱ्या) पीसीएलचा स्कॅफोल्ड छापतोय. फिलामेंट आत जाताना दुमडतं आणि जो ठोकळा निघतो त्यात वरून भोकं दिसतात, बाजूने नाहीत.
— विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : पीसीएल, म्हणजे पॉलीकॅप्रोलॅक्टोन हे शरीरात हळूहळू विरणारं प्लॅस्टिक, ६० अंश सेल्सिअसला वितळतं. तुमच्या बहुतेक अडचणी या एका आकड्यातून येतात. मे महिन्यात बंद खोलीत प्रिंटरच्या मोटारीजवळचं तापमान चढलं की फिलामेंट नोझलपर्यंत जायच्या आधीच मऊ पडतं, आणि दातेरी चाक त्याला ढकलायच्या ऐवजी खरवडतं. लांब नळीतून फिलामेंट ढकलणारा प्रिंटर असेल तर नाद सोडा. मोटार थेट नोझलच्या डोक्यावर असलेला प्रिंटर घ्या, चाकाचा दाब कमी करा आणि एसी असलेल्या खोलीत छापा.

दुसरं, बहुतेक प्रिंटरचं फर्मवेअर १७० अंशांखाली फिलामेंट ढकलूच देत नाही. म्हणून मुलं तापमान १८०ला नेतात आणि पीसीएल पाण्यासारखं ओघळतं. एम३०२ ही आज्ञा देऊन ती मर्यादा ६०-७०वर आणा आणि नोझल ९० ते ११० अंशांत ठेवा. नोझल ०.४ मिमी, थर ०.३२ मिमी, वेग सेकंदाला ५ ते १० मिमी, पंखा पूर्ण. बेड गरम करू नका, काचेवर गोंदाची कांडी फिरवली की पुरे. स्लायसरमध्ये, म्हणजे आकृतीचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, भिंती, वरचे आणि खालचे बंद थर शून्य करा, नाहीतर जाळीऐवजी डबी तयार होईल. भराव सरळ रेषांचा, एक थर आडवा, पुढचा उभा.

भोकाचा हिशेब सोपा आहे. दोन धाग्यांच्या मध्यांतलं अंतर वजा धाग्याची जाडी. अंतर ०.८ आणि धागा ०.४ असेल तर भोक ०.४ मिमी, म्हणजे ४०० मायक्रॉन. हाडासाठी ३०० ते ६०० मायक्रॉन धरतात. १००च्या खाली गेलं की पेशी कशाबशा शिरतात, रक्तवाहिनी शिरत नाही. पण नोझलमधून बाहेर पडल्यावर धागा फुगतो. ०.४च्या नोझलमधून ०.४५ ते ०.५चा धागा सहज येतो आणि भोक ३००वर उतरतं. म्हणून स्लायसरच्या आकड्यावर विसंबू नका, मायक्रोस्कोपखाली स्केल ठेवून दहा धागे मोजा. फुगवटा जास्त असेल तर वेग थोडा वाढवा किंवा फिलामेंटचा पुरवठा पाच-पाच टक्क्यांनी कमी करा.

बाजूची भोकं बुजतात ती धागा खाली लोंबकळल्यामुळे. खालच्या थरातले दोन धागे म्हणजे खांब, वरचा धागा म्हणजे त्यांच्यावर टाकलेला ओला दोर. तो गोठायच्या आत वाकला की खिडकी बंद. तापमान पाच-पाच अंशांनी उतरवा, आणि ठोकळा लहान असेल तर एकाच वेळी तीन-चार ठोकळे छापा, म्हणजे प्रत्येक थराला थंड व्हायला वेळ मिळतो.

हे सगळं जमलं की नाही ते तराजू सांगतो. १० × १० × ५ मिमीचा ठोकळा म्हणजे अर्धा घन सेंटिमीटर. पीसीएलची घनता घन सेंटिमीटरला १.१४५ ग्रॅम. वरच्या मापांनी वजन ०.२८ ग्रॅमच्या आसपास यायला हवं, म्हणजे ठोकळ्यात निम्म्याहून किंचित जास्त पोकळी. ०.३६ ग्रॅम आलं तर पोकळी ३७ टक्क्यांवर घसरली, कुठेतरी भोकं बुजली आहेत. अंतर १ मिमी केलं तर वजन ०.२२-०.२३ ग्रॅम आणि पोकळी साधारण ६० टक्के. मायक्रो-सीटीच्या रांगेत उभं राहण्याआधी ही दोन मिनिटांची तपासणी करा.

पृष्ठभागही तयार करावा लागतो. पीसीएल पाणी धरत नाही, त्यावर थेंब अळवाच्या पानावरच्यासारखा उभा राहतो. एक मोलर सोडियम हायड्रॉक्साईडमध्ये, म्हणजे १०० मिलीला ४ ग्रॅम, ठोकळा रात्रभर बुडवा आणि मग डिस्टिल्ड पाण्याने पीएच कागद ७ दाखवेपर्यंत धुवा. धुण्यात कंटाळा केला तर पहिल्याच दिवशी पेशी मरतात आणि दोष पेशींना जातो. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या यंत्रात, टाकू नका. तिथे १२१ अंश असतात, सकाळी तळाशी मेणाचा गोळा सापडेल. प्रयोगशाळेपुरतं ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्धा-अर्धा तास दोनदा आणि दोन्ही बाजूंनी यूव्ही चालतं, पण ते खरं निर्जंतुकीकरण नव्हे, बुरशीचे आणि जिवाणूंचे बीजाणू त्यातून वाचतात. शरीरात जाणाऱ्या वस्तूला गॅमा किरण लागतात, नेहमीची मात्रा २५ किलोग्रे. ट्रॉम्ब्यातला आयसोमेड प्रकल्प वैद्यकीय सामानासाठी हे काम १९७४पासून करतो.

प्रश्न : एम.एस्सी.चा प्रकल्प. मज्जेतल्या मेसेन्कायमल (हाड बनवू शकणाऱ्या) स्टेम सेल २१ दिवस ऑस्टिओजेनिक माध्यमात (हाड बनवायला लावणाऱ्या द्रावणात) वाढवून अलिझरिन रेडने रंगवल्या. पेशी घातलेला स्कॅफोल्ड लालभडक झाला, पण पेशी न घातलेलाही तसाच लाल. स्कॅफोल्डमध्ये २० टक्के ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आहे. गाइड म्हणतात पुन्हा करा.
— विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : गाइडचं बरोबर आहे, पण तसंच पुन्हा केलं तर तसंच येईल. अलिझरिन रेड हाड ओळखत नाही, कॅल्शियम ओळखतो. तुमच्या स्कॅफोल्डमध्ये कॅल्शियम तुम्हीच घातलं आहे.

म्हणून नियंत्रण गट वाढवा. पेशींशिवाय स्कॅफोल्ड साध्या माध्यमात, पेशींशिवाय स्कॅफोल्ड ऑस्टिओजेनिक माध्यमात, पेशींसह साध्या माध्यमात, आणि पेशींसह ऑस्टिओजेनिकमध्ये. चारही २१ दिवस, माध्यम बदलायचा दिवसही एकच. रंग नुसता पाहू नका, १० टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये उतरवून ४०५ नॅनोमीटरला मोजा आणि पेशींशिवायचा आकडा वजा करा. तरीही फरक दिसला तरच बोला. एक समूह फक्त पीसीएलचा, फॉस्फेटशिवायचा ठेवा. सगळ्यात स्वच्छ उत्तर त्यातूनच मिळेल.

रंगाचं द्रावण पीएच ४.१ ते ४.३मध्येच असू द्या. फिक्स केल्यावर आणि रंगवण्याआधी पीबीएसने (फॉस्फेट असलेल्या खारट द्रावणाने) धुऊ नका, डिस्टिल्ड पाण्याने धुवा. पीबीएसमधलं फॉस्फेट आणि स्कॅफोल्डमधलं कॅल्शियम मिळून नवीन साका बसतो.

मग माध्यम. डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर, ॲस्कॉर्बिक ॲसिड मिलीला ५० मायक्रोग्रॅम, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलीमोलर. सगळ्यात जास्त चूक शेवटच्या घटकात होते. बाटलीवरचा रेणुभार वाचा. पेंटाहायड्रेट असेल तर ३०६, १०० मिलीला ०.३०६ ग्रॅम. दुसऱ्या रूपाचा रेणुभार २१६ असतो, तिथे ०.२१६ ग्रॅम पुरतं. दुसरी बाटली उघडून पहिलीचं वजन घातलं की फॉस्फेट ४० टक्क्यांनी वाढतं, आणि मग पेशींनी बोटही न हलवता खनिज आपोआप बसतं. डेक्सामेथासोनचा एक मिलीमोलर साठा इथेनॉलमध्ये करून ठेवा, १०० मिलीला १० मायक्रोलिटर. साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड ३७ अंशांना दोन दिवसही टिकत नाही, त्याऐवजी त्याचं २-फॉस्फेट रूप घ्या.

हाडच बनतंय हे दाखवायला एकट्या अलिझरिनवर उभे राहू नका. अल्कलाइन फॉस्फटेज हे हाड बनवणाऱ्या पेशींचं एन्झाइम सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजा, डीएनएच्या मानाने. ते आधी चढतं आणि खनिज बसायला लागलं की उतरतं. फक्त २१व्या दिवशी मोजणारे ‘एन्झाइम नाही’ म्हणून रडतात. ऑस्टिओकॅल्सिन हे हाडाचं प्रथिन उशिरा दिसतं. पेशी पाचव्या पॅसेजच्या (एका भांड्यातून दुसऱ्यात वाढवायला घेण्याच्या फेरीच्या) पुढच्या वापरू नका. त्या मेसेन्कायमल आहेत याचा पुरावाही जोडा, पेशींवरच्या ओळखखुणांच्या प्रथिनांचा : सीडी१०५, सीडी७३ आणि सीडी९० किमान ९५ टक्के पेशींवर, सीडी४५ आणि सीडी३४ फार तर दोन टक्क्यांवर. हा निकष २००६चा आहे, परीक्षक हमखास विचारतात.

जाता जाता : जून ते सप्टेंबर इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेकडे लक्ष द्या. आठवड्याला निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी बदला, त्यात चिमूटभर मोरचूद टाका. ओल्या चपला आणि छत्र्या कल्चर रूमच्या दाराबाहेरच. २१ दिवसांचा प्रयोग अठराव्या दिवशी बुरशीने खाल्ला की पुन्हा सुरुवात मज्जेपासून.

प्रश्न : गुडघे झिजलेत. स्टेम सेलने हाड वाढून गुडघा नवा होतो का?
— ज्येष्ठ वाचक, नौपाडा

उत्तर : गुडघ्यात झिजते ती कूर्चा, हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर. तिथे हाड वाढणं हाच तर त्रास आहे. स्टेम सेलच्या एका तयार इंजेक्शनला देशात २०२२ मध्ये मध्यम झिजेसाठी परवानगी मिळाली. दुखणं कमी व्हावं म्हणून ते देतात. गुडघा नवा होत नाही. हाडावर हाड घासायला लागलं असेल तर तो मार्ग तुमचा नाही.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये थ्री-डी प्रिंटिंगचं छोटं वर्कशॉप आहे. रुग्णालयासाठी हाडाचे भाग छापता येतील का?
— वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : शरीराबाहेरचे, जरूर. ऑपरेशनआधी सर्जनला हातात धरायला हाडाची प्रतिकृती हवी असते, तिच्यावर प्लेट आधीच वाकवून ठेवता येते आणि भुलीचा वेळ वाचतो. सीटीच्या चकत्या एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ मागा. पाच मिलिमीटरच्या चकत्यांवरून छापलेली डोळ्याची खोबण जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांची येते. हाड वेगळं काढताना उंबरठा २२६ हाउन्सफील्डच्या (सीटीवरच्या घनतेच्या एककाच्या) आसपास लावतात. तिथे खोबणीचा कागदासारखा पातळ तळ गायब होतो आणि सर्जनला वाटतं हाडच फुटलंय. अशी जागा हाताने भरा आणि भरल्याचं लिहून द्या. फाइल मिलिमीटरमध्ये आहे की इंचात हे पाहा, चूक झाली तर २५.४ पटींचा फरक. प्रत्येक प्रतिकृतीसोबत २० मिमीचा घन छापा आणि कॅलिपरने मोजून आकडा सोबत द्या. डावं-उजवं उलटं तर होत नाही ना, हे रेडिओलॉजिस्टकडून पाहून घ्या.

शरीरात राहणारी वस्तू मात्र वेगळं गाव. तिला २०१७च्या मेडिकल डिव्हाइस नियमांखाली परवाना, आयएसओ १३४८५ची गुणवत्ता व्यवस्था आणि मालाच्या जैव-सुरक्षेच्या चाचण्या लागतात. बाजारातलं रंगीत फिलामेंट कितीही ‘बायो’ म्हणून विकलं तरी ते या कामाचं नाही.

प्रश्न : ५ मिमी जाडीच्या पीसीएल स्कॅफोल्डवर दहा लाख पेशी सोडल्या, तीन आठवडे वाढवल्या. पॅराफिनमध्ये बसवून काप घेतले तर कडेला पेशी दिसतात, मध्ये काहीच नाही. स्कॅफोल्डही दिसत नाही!
— संशोधक विद्यार्थी, घणसोली

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत. स्कॅफोल्ड दिसत नाही कारण तो उरलाच नाही. पॅराफिन ६० अंशांच्या आसपास वितळवून वापरतात, पीसीएलचा वितळबिंदूही तोच, आणि त्याआधीच्या झायलीनमध्ये पीसीएल विरघळतं. जाळी गेली की तिला चिकटलेल्या पेशीही विस्कटतात. म्हणून गोठवून काप घ्या किंवा थंडच घट्ट होणारं रेझिन वापरा. त्याहून आधी एक ताजा ठोकळा ब्लेडने मधोमध कापा आणि कॅल्सीन-एएम व प्रोपिडियम आयोडाइडने रंगवा. हिरव्या जिवंत, लाल मेलेल्या.

बहुधा कडेला हिरवी किनार आणि आत लाल ठिपके किंवा काळोख दिसेल. जिवंत पेशीला रक्तवाहिनी १००-२०० मायक्रॉनच्या आत लागते. तुमच्या ठोकळ्याचा मध्य कडेपासून अडीच हजार मायक्रॉनवर आहे. बाहेरच्या थरातल्या पेशी ऑक्सिजन वाटेतच संपवतात. काहीच दिसलं नाही, लालही नाही, तर पेशी तिथे पोचल्याच नव्हत्या. मोठ्या भोकांतून थेंब सरळ खाली ओघळतो. चोवीस तासांनी ठोकळा कल्चर प्लेटच्या नव्या विहिरीत (खळग्यात) हलवा आणि जुन्या विहिरीच्या तळाला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिनने सोडवून मोजा. दहा लाखांतल्या सहा लाख तिथेच सापडल्या तर तुमचा प्रयोग चार लाखांचा होता. यावर उपाय म्हणून विहिरीला पेशी न चिकटणारा ॲगरोजचा थर द्या, पेशी ५० ते १०० मायक्रोलिटरमध्येच सोडा, किंवा फायब्रिन जेलमध्ये मिसळून सोडा. दोन-तीन तास तसंच राहू द्या, कडेला माध्यमाचे दोन थेंब ठेवा म्हणजे सुकणार नाही.

हवाही अडवते. पीसीएल पाण्यापेक्षा जड आहे, तेव्हा ठोकळा माध्यमावर तरंगत असेल तर भोकांत हवा आहे असं समजा. आधी इथेनॉल, मग त्याच्या जागी हळूहळू पीबीएस, मग रात्रभर माध्यम असं भिजवलं की बुडतो.

मध्य जगवायचा तर माध्यम ठोकळ्यातून ढकलावं लागतं. पेरिस्टाल्टिक पंप, सिलिकॉनची नळी आणि ठोकळा घट्ट बसेल असा कप्पा. सैल बसला तर माध्यम कडेनेच पळतं. प्रवाह खालून वर, म्हणजे बुडबुडे निघून जातात. मिनिटाला ०.१ मिलीपासून सुरुवात करा, पेशी चिकटल्यावर वाढवा. एकदम एक मिलीवर नेलं तर पेशी धुऊन जातात. पंप इन्व्हर्टरवर ठेवा, दुरुस्तीसाठी वीज गेली की मध्य पुन्हा उपाशी.

शरीरात मात्र पंप नाही. रक्तवाहिन्या बाहेरून आत वाढतात, दिवसाला मिलिमीटरपेक्षाही कमी. जर्मनीत कील इथे २००४ मध्ये जबड्याचं हाड वाढवताना वार्न्के यांच्या गटाने हीच अडचण ओळखून वेगळी वाट काढली. टायटॅनियमच्या जाळीत हाडाच्या खनिजाचे ठोकळे, रुग्णाची मज्जा आणि हाड वाढवणारं बीएमपी-७ हे प्रथिन भरून ती जाळी आधी रुग्णाच्याच पाठीच्या स्नायूत सात आठवडे ठेवली. रक्तवाहिन्या शिरल्यावर स्नायूसकट काढून जबड्यात बसवली आणि तिच्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडल्या. तुमच्या पातळीवर तेवढं शक्य नाही. तेव्हा ५ मिमीचा ठोकळा सोडून २ मिमीच्या चकत्या छापा, प्रत्येकीच्या मधोमध एक मिलिमीटरचं आरपार भोक ठेवा, आणि पहिले काप सातव्या दिवशीच घ्या.